संगीतातील मितव्यय : केशवराव भोळे यांची रचनादृष्टी

१

वऱ्हाडातील वाशिम हे नगर प्राचीन काळी वत्सगुल्म या नावाने प्रसिद्ध होते. वाकाटक राजवंशाच्या एका शाखेची ही राजधानी होय. ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचणारा राजा सर्वसेन याच शाखेचा. त्याचा पुत्र विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट वाशिम येथे उपलब्ध झाल्याने या शाखेचा इतिहास उजेडात आला. काव्यशास्त्राच्या अभ्यासकास हे नगर आणखी एका कारणाने परिचित आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह वत्सगुल्मात घडवून आणला, आणि ‘कर्पूरमंजरी’त वैदर्भी रीतीचा निर्देश ‘वच्छोमी’ या प्राकृत नावाने केला. हे नाव वत्सगुल्मावरून आलेले आहे, हे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी आपल्या वाकाटकविषयक लेखनात विशद केले आहे. सारांश, संस्कृत साहित्यशास्त्राने सर्वगुणसंपन्न म्हणून गौरविलेल्या रीतीशी वाशिमचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

या रीतीचे लक्षण काय? रुद्रटाच्या मते समासरहित रचना ही वैदर्भी. राजशेखर त्यात भर घालतो ती महत्त्वाची आहे. वैदर्भीत समास नसतो आणि अनुप्रास असतो तो योग्य स्थानी असतो. म्हणजे ही रीती अलंकारास पारखी नाही. तिला वर्ज्य आहे तो अस्थानी अलंकार. गौडी रीती समासांचा आणि अनुप्रासांचा आडंबर मांडते; वैदर्भी शब्दाला मोकळे ठेवते आणि अर्थाला वाट देते. रचना साधी असणे आणि रचना दरिद्री असणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा या विवेचनातील खरा मुद्दा होय.

हाच मुद्दा विसाव्या शतकात मराठी संगीताच्या क्षेत्रात निराळ्या स्वरूपात उपस्थित झाला. नाटकात पदे किती असावीत, गाणे किती लांबवावे, बोलपटात वाद्ये केव्हा वाजावीत आणि केव्हा गप्प राहावीत, हे प्रश्न १९३० नंतरच्या दशकात ऐरणीवर आले. या प्रश्नांना आपल्या रचनांतून आणि लेखनातून ज्यांनी सातत्याने उत्तर दिले त्यांत केशव वामन भोळे (१८९६–१९७७) यांचे स्थान अग्रभागी आहे. वाशिम हा जिल्हा १९९८ साली अकोला जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. तो ज्या विभागात मोडतो त्याचे मुख्य ठिकाण अमरावती हे भोळे यांचे जन्मस्थान. भोळे यांनी वैदर्भी रीती समोर ठेवून संगीतरचना केली असे येथे सुचवावयाचे नाही. त्यांच्या कार्याचे स्वरूप स्पष्ट करण्यास त्याच भूमीत रूढ झालेली एक जुनी परिभाषा उपयोगी पडते, एवढेच म्हणणे आहे.

२

भोळे वैद्यकीय शिक्षणासाठी मुंबईस आले, परंतु त्यांचे जीवन वेचले गेले ते संगीतात. गोविंदराव टेंबे यांच्या शिवराज नाटक मंडळीच्या द्वारे त्यांचा रंगभूमीशी निकटचा संबंध आला. टेंबे हे स्वतः संवादिनीवादक, नट, लेखक आणि संगीतरचनाकार होते. ‘मानापमान’ (१९११) या नाटकाच्या चालींनी त्यांनी नाट्यसंगीताचे रूप बदलून टाकले होते. अशा मंडळीत वावरलेल्या तरुणास नाट्यसंगीताचे वैभव आणि त्यातील अडचण या दोहोंचेही दर्शन घडले असल्यास नवल नाही.

पुढे भोळे यांनी संगीतसमीक्षा लिहावयास घेतली. त्यासाठी त्यांनी ‘एकलव्य’ आणि ‘शुद्धसारंग’ ही दोन टोपणनावे घेतली. त्यांतील पहिले नाव विशेष सूचक आहे. एकलव्य म्हणजे गुरूच्या मूर्तीसमोर स्वतःच स्वतःला शिकविणारा शिष्य. भोळे यांची खरी पाठशाळा मैफल, रंगभूमी आणि लेखणी ही होती. ‘आजचे प्रसिद्ध गायक’ या पुस्तकात त्यांनी समकालीन गायकांच्या गायकीची चिकित्सा केली. ‘संगीताचे मानकरी’, ‘अस्ताई’, ‘अंतरा’ ही त्यांची पुढील पुस्तके. स्वतःच्या रचनाप्रक्रियेचा वृत्तांत त्यांनी ‘माझे संगीत : रचना आणि दिग्दर्शन’ (१९६४) या ग्रंथात दिला, तर आठवणी ‘जे आठवते ते’ या ग्रंथात नमूद केल्या.

स्वयंशिक्षित कलावंताविषयी बोलताना त्याच्या वाट्याला आलेल्या उणिवांचाच विचार बहुधा केला जातो. परंतु या स्थितीचा एक लाभही असतो. घराण्याच्या शिस्तीत वाढलेल्या गायकास गायकीची सर्व अंगे एका सलग देहासारखी प्राप्त होतात. त्यांतील एखादे अंग वगळणे त्यास अपूर्णतेसारखे वाटते. ऐकून, तोलून आणि लिहून शिकणारा मनुष्य मात्र प्रत्येक अंगाचे प्रयोजन विचारतो. ही तान येथे का आली? ही पुनरावृत्ती कशासाठी? समीक्षकाचे हे प्रश्न भोळे यांनी रचनाकार झाल्यावरही सोडले नाहीत, आणि त्यांच्या मितव्ययाचे मूळ या सवयीत शोधले पाहिजे.

३

या प्रश्नांचे गांभीर्य ध्यानात येण्यास तत्कालीन परिस्थिती पाहणे आवश्यक आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) नाटकात पदांची संख्या दोनशेच्या घरात होती. त्या पदांच्या चाली आटोपशीर असत आणि पद हे संवादाचेच काम करी. पुढे रागदारी चालींचा प्रवेश झाला. पदांची संख्या घटली, परंतु प्रत्येक पदाचा विस्तार वाढला. प्रेक्षक पुन्हा पुन्हा ‘वन्स मोअर’ देऊ लागले आणि नाटक रात्रभर चालू लागले. या काळात थोर गायकनटांनी मराठी समाजास रागसंगीताची गोडी लावली, हे ऋण अमान्य करता येणार नाही. तथापि पात्र दुःखात असताना गायक आनंदाने तान घेत आहे, हा विसंवादही त्याच वैभवाने निर्माण केला.

१९३१ साली बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांचा आर्थिक पाया ढासळला. परंतु बोलपटानेही आरंभी नाटकाचीच परंपरा उचलली. १९३२ सालच्या ‘इंद्रसभा’ या हिंदी बोलपटात सत्तरच्या आसपास गाणी होती. माध्यम बदलले तरी संगीताचे प्रयोजन मात्र तपासले गेले नाही.

अशा वेळी १९३३ साली मुंबईत ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणले. नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन याच्या नाटकाचे श्री. वि. वर्तक यांनी केलेले हे रूपांतर के. नारायण काळे यांनी दिग्दर्शित केले. स्त्रीभूमिका स्त्रियांनी केल्या. प्रमुख भूमिकेत मूळच्या दुर्गा केळेकर म्हणजेच भोळे यांच्या पत्नी ज्योत्स्ना भोळे या होत्या. संगीताची जबाबदारी भोळे यांजकडे होती. पदे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी ठेवली गेली आणि ती कथेतील प्रसंगाशी बांधली गेली. पात्रास गाण्याचे कारण असेल तेव्हाच ते गाईल, आणि गाताना ते पात्रच राहील, ही येथील भूमिका.

‘नाट्यमन्वंतर’ संस्था अल्पायुषी ठरली. परंतु त्या प्रयोगाने संगीत नाटकापुढे एक प्रश्न कायमचा ठेवला. गाणी कमी केल्यावर नाटक गद्य होते, की उरलेल्या गाण्यांचे मूल्य वाढते? गाण्यापूर्वीची शांतता जितकी दीर्घ तितका गाण्याचा पहिला स्वर अधिक अर्थपूर्ण ठरतो, हे या प्रश्नाचे भोळे यांच्या रचनांतून मिळणारे उत्तर आहे.

४

पुण्यास स्थलांतर केल्यानंतर प्रभात फिल्म कंपनीने निर्माण केलेल्या ‘अमृतमंथन’ (१९३४) या चित्रपटाचे संगीत भोळे यांचे होते. शांता आपटे यांच्या गायनाची विशेष ओळख रसिकांस याच चित्रपटाने करून दिली. त्यापूर्वी प्रभातच्या बोलपटांना टेंबे यांचे संगीत लाभले होते. भोळे यांच्याबरोबरच मास्टर कृष्णराव यांनीही प्रभातसाठी संस्मरणीय रचना केल्या. या तीन रचनाकारांची तुलना हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल. भोळे यांचे वैशिष्ट्य असे की, शब्द, पात्र आणि प्रसंग या तिहींच्या कसोटीस उतरल्यावाचून ते चालीस मान्यता देत नसत असे त्यांच्या रचनांवरून दिसते.

‘संत तुकाराम’ (१९३६) हे त्याचे सर्वोत्कृष्ट उदाहरण होय. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मुंबईत सलग वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिस येथील चित्रपट महोत्सवात गौरविला गेला. त्याच्या आरंभीच संगीतदृष्ट्या फार मोलाचा प्रसंग आहे. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम तल्लीन होऊन अभंग गातो. सुरावट सरळ आहे, स्वरांचा पल्ला मर्यादित आहे, लय सहज पावलांची आहे. पाठोपाठ तोच अभंग आपलाच म्हणून मिरविणारा सालोमालो देवळात गाताना दिसतो. त्याच्या गाण्यात हावभाव आहेत, आलंकारिकता आहे, श्रोत्यांस जिंकण्याचा हव्यास आहे. शब्द दोघांचे एकच. अंतर आहे ते रीतीचे.

या जोड-प्रसंगात कोणी कोणास नावे ठेवीत नाही. श्रोता स्वतःच निवाडा करतो, कारण निवाड्याची सर्व सामग्री त्याच्या कानांवर पडलेली असते. वैदर्भी आणि गौडी यांतील भेद विद्यार्थ्यास शिकविताना संस्कृत श्लोकांबरोबर हा प्रसंगही ऐकविला तर विषय अधिक स्पष्ट होईल. येथे हेही लक्षात घेतले पाहिजे की, सालोमालोच्या गाण्यास रचनाकाराने अलंकार नाकारले नाहीत. अलंकारांचे योग्य स्थान दांभिक पात्राच्या मुखात आहे, हे जाणून ते तेथे योजिले.

याच चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी बीज आणि वृक्ष यांच्या रूपकावर एक अभंग लिहिला. तो तुकोबांच्याच गाथेतील असावा असे अनेकांस वाटले. त्याचे श्रेय प्रथम कवीचे आहे. परंतु चालीचाही त्यात वाटा आहे. वारकरी भजनाच्या परंपरेत शतकानुशतके घोटलेल्या सुरावटीच्या इतक्या जवळ ती चाल राहते की, रचनाकाराचा हात दिसतच नाही. कलावंताने स्वतःस लपविणे हा मितव्ययाचा अखेरचा टप्पा म्हणावा लागेल.

५

‘संत तुकाराम’मध्ये मितव्यय चालीत आहे, ‘कुंकू’ (१९३७) चित्रपटात तो ध्वनिपटाच्या संपूर्ण रचनेत आहे. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला हा चित्रपट व्ही. शांताराम यांनी दिग्दर्शित केला. वृद्ध काकासाहेबांशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा हा विवाह मानण्यास नकार देते, हा त्याचा विषय. केशवराव दाते आणि शांता आपटे यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. या चित्रपटास रूढ अर्थाने पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात जे ध्वनी स्वाभाविकपणे असतील तेवढेच प्रेक्षकास ऐकू येतात, आणि गाणी येतात ती कथेतील कोणा व्यक्तीस गाण्याचे निमित्त असेल तेव्हा.

या निर्णयाचे महत्त्व समजण्यास पार्श्वसंगीताचे कार्य ध्यानात घेतले पाहिजे. पार्श्वसंगीत प्रेक्षकास सांगत असते की, येथे करुणा वाटावी, येथे भय वाटावे. पात्रांस जे ऐकू येत नाही ते प्रेक्षकास ऐकू येते; म्हणजे संगीत हे निवेदकाचे भाष्य होते. ‘कुंकू’चा विषय असा आहे की, त्यात भाष्याचा मोह सर्वाधिक होता. नीरेच्या प्रत्येक अपमानावर सारंगी वाजविता आली असती. परंतु तसे केल्याने तिचा नकार हा दयेचा विषय झाला असता. भाष्य काढून घेतल्यामुळे प्रेक्षक तिच्याबरोबर त्या घरात उभा राहतो. काकासाहेबांचे वार्धक्य सुचविणारे भिंतीवरील जुने घड्याळ, घरातील हालचाल आणि रस्त्यावरून जाणाऱ्या भटक्या गायकाचे गाणे यांना येथे वाद्यवृंदाहून अधिक अर्थ प्राप्त होतो.

संगीतदिग्दर्शकाने वाद्ये थांबविण्यास संमती द्यावी, ही गोष्ट लहान नव्हे. ज्याची कीर्ती ऐकविण्यावर अवलंबून असते त्याने न ऐकविण्याची जबाबदारी स्वीकारणे, यास आपल्या कलेविषयी एक निश्चित धारणा असावी लागते. संगीताचे मोल त्याच्या प्रमाणात नसून त्याच्या स्थानात आहे, ही ती धारणा होय.

६

भोळे यांनी प्रभातच्या वाद्यवृंदात पियानो, हवाईयन गिटार आणि व्हायोलिन या वाद्यांचा वापर रूढ केला, असे श्रेय त्यांना दिले जाते. मितव्ययी रचनाकाराने नवी वाद्ये आणावीत, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु पियानोचे स्वरूप तपासले असता ही विसंगती उरत नाही.

पियानोचा स्वर तारेवरील आघाताने उमटतो आणि त्याच क्षणापासून विरू लागतो. त्यास मींड काढता येत नाही. दोन पट्ट्यांमधील श्रुती त्यावर मिळत नाही. संवादिनीच्या पट्ट्याही अशाच स्थिर असतात, आणि त्याच आक्षेपामुळे १९४० साली तिला आकाशवाणीवरून काढून टाकण्यात आले होते. परंतु संवादिनीचा स्वर भाता चालू असेतो टिकतो. त्यामुळे ती गायकाच्या मागोमाग सावलीसारखी जाऊ शकते. पियानोस हे साधत नाही. त्याचा प्रत्येक स्वर एकटा उभा राहतो आणि त्याच्यामागे थोडी निःशब्द जागा सोडतो. म्हणून मराठी गाण्यात पियानो योजावयाचा तर तो गायकीची नक्कल करण्यासाठी योजून चालत नाही. विरामचिन्हासारखा, मोजक्या ठिकाणीच योजावा लागतो. शब्दांस मोकळीक देऊ इच्छिणाऱ्या भावगीताच्या आणि चित्रपटगीताच्या रचनाकारास हे वाद्य का जवळचे वाटावे, याचे उत्तर त्याच्या या मर्यादेत आहे.

७

येथे पाश्चात्त्य संगीतातील एका प्रवाहाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. फ्रेंच रचनाकार एरिक साती याने १८८८ साली ‘जिम्नोपेदी’ या नावाने तीन लहान पियानोरचना केल्या. मंद लय, विरळ स्वर आणि कौशल्यप्रदर्शनाचा संपूर्ण अभाव ही त्यांची लक्षणे. पुढे १९६० नंतर अमेरिकेत ज्या प्रवाहास ‘मिनिमलिझम’ हे नाव मिळाले, आणि मराठीत ज्यास अल्पतमवाद म्हणता येईल, त्याच्या पूर्वसूरींत सातीची गणना होते. टेरी रायली याची ‘इन सी’ (१९६४) ही रचना केवळ ५३ लहान स्वरवाक्यांची आहे. वादकांनी ती क्रमाने, आपापल्या मर्जीनुसार पुन्हा पुन्हा वाजवावयाची असतात. हाच रायली १९७० साली किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ यांचा शिष्य झाला. एकेका स्वराची सावकाश बढत करणाऱ्या या घराण्याचे अध्वर्यू अब्दुल करीम खाँ यांचे दीर्घ वास्तव्य मिरजेस होते, हे महाराष्ट्रातील वाचकास सांगावयास नकोच.

तथापि साम्य पाहताना भेद विसरता कामा नये. अमेरिकन अल्पतमवाद मुख्यतः पुनरावृत्तीवर उभा आहे. थोडी सामग्री घेऊन तो दीर्घकाळ बोलतो. भोळे यांचा मितव्यय हा वगळण्याचा आहे. तो थोडी सामग्री घेऊन थोडेच बोलतो आणि थांबतो. सातीशी केलेली तुलना अधिक उद्बोधक ठरेल. कोणी लक्ष देऊन ऐकू नये, खोलीतील टेबलखुर्चीप्रमाणे नुसते असावे, अशा ‘फर्निचर संगीता’ची कल्पना सातीने मांडली. ‘कुंकू’मध्ये नेमके हेच, म्हणजे लक्ष न देता ऐकावयाचे संगीत, काढून टाकण्यात आले आहे. दोघांनाही आडंबराचा कंटाळा होता. परंतु एकाने संगीताचा मान उतरविला आणि दुसऱ्याने तो राखण्यासाठी संगीताला प्रतीक्षा करावयास लावले.

८

या रचनादृष्टीस मर्यादा नव्हत्या असे नाही. ‘माझा मुलगा’ (१९३८), ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०), ‘दहा वाजता’ (१९४२) या पुढील चित्रपटांस भोळे यांचे संगीत लाभले. परंतु ‘कुंकू’मधील पार्श्वसंगीताचा त्याग हा चित्रपटसृष्टीचा नियम झाला नाही. वाद्यवृंद उत्तरोत्तर मोठे होत गेले. विस्ताराने गाण्यातच ज्या रागाचे सौंदर्य उलगडते तो राग मितव्ययी पदात पुरतेपणी प्रकट होऊ शकत नाही, हा गायकीच्या पक्षाचा आक्षेपही निराधार म्हणता येणार नाही. मितव्यय हे सर्व संगीताचे तत्त्व नव्हे. शब्द आणि प्रसंग यांच्या सहवासात राहणाऱ्या संगीताचे ते तत्त्व आहे. मैफलीत त्याचा आग्रह धरणे हेही अस्थानीच ठरेल.

अभ्यासकापुढे एक व्यावहारिक अडचणही आहे. रचनाकाराने जे योजिले ते स्वरलिपीत उतरविता येते. जे वगळले त्याची स्वरलिपी नसते. गाण्यापूर्वीची शांतता, दृश्यातील रिकामा ध्वनिपट, चाल जेथे थांबली ती जागा, यांचा पुरावा केवळ मूळ चित्रपटातच मिळतो. नुसत्या ध्वनिमुद्रिकेवरून भोळे यांचे मूल्यमापन करणाऱ्यास त्यांच्या कार्याचा अर्धाच भाग हाती लागतो. जानेवारी २००३ मध्ये पुणे येथे लागलेल्या आगीत प्रभातच्याही काही मूळ नायट्रेट फिती नष्ट झाल्या, हे ध्यानात घेता उरलेल्या प्रतींचे केवळ जतन करून भागणार नाही. त्यांचे सावधपणे, ध्वनिपटाकडे कान देऊन, पुनःपुन्हा वाचन झाले पाहिजे.

संगीतरचनेचा इतिहास बहुधा भर घालणाऱ्यांच्या नावे लिहिला जातो. कोणी नवा राग दिला, कोणी नवे वाद्य आणले, कोणी वाद्यवृंद वाढविला. वगळणाऱ्याचे कार्य या जमाखर्चात दिसत नाही. वत्सगुल्माच्या नावाने ओळखल्या गेलेल्या रीतीचे मर्म मात्र साहित्यशास्त्रज्ञांनी समासाच्या अभावावरूनच ओळखले होते. अभाव हे त्यांनी गुणाचे लक्षण मानले. केशवराव भोळे यांच्या रचनांचा अभ्यास त्याच दृष्टीने झाला, तर मराठी संगीताच्या समीक्षेस एका उपयुक्त कसोटीचा लाभ होईल. स्वर किती आले यापेक्षा प्रत्येक स्वरास येण्याचे कारण होते काय, हे ती कसोटी विचारते.